टाकी उतरवण्याआधी

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं, हडपसर आणि कवडीपाट मागे राहिलं, की लोणी स्टेशनच्या चौकापाशी रस्त्यावरची वर्दळ बदलते. उसाच्या ट्रॉल्या आणि एसट्यांच्या जोडीला पेट्रोल-डिझेलचे टँकर दिसू लागतात. हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल या तिन्ही कंपन्यांची साठवण केंद्रं लोणी काळभोर परिसरात आहेत. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतून निघालेली हिंदुस्थान पेट्रोलियमची नळवाहिनी १९८५ मध्ये सुरू झाली आणि सह्याद्री ओलांडून पेट्रोल-डिझेल इथपर्यंत येऊ लागलं. पुढे ती सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत वाढवली गेली. आज तिची एकूण लांबी ५०८ किलोमीटर भरते. पुण्यात कुणाच्याही दुचाकीत पडणारं पेट्रोल बहुधा या गावावरूनच गेलेलं असतं.

या केंद्रांत टँकर भरायचा म्हणजे आधी बराच वेळ पेट्रोलला हातच लागत नाही. काडेपेटी आणि मोबाइल फाटकावर जमा होतात. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी आहे का, हे पाहिलं जातं. गाडी जागेवर लागली की इंजिन बंद, चाकांना उटी, आणि मग सगळ्यात आधी अर्थिंगची तार टँकरच्या अंगाला जोडली जाते. त्यानंतरच नळ सुरू होतो. भरून झालं की नळ आधी सुटतो आणि तार शेवटी निघते. हा क्रम कुणी घाईत उलटा करू शकत नाही.

त्याच चौकाच्या आसपास दुचाकीची गॅरेजं आहेत. तिथे दिवसाकाठी कुणाची ना कुणाची टाकी उतरतेच. क्लचची वा ॲक्सिलरेटरची केबल बदलायची असते, टाकीखालून जाणारी वायर उंदराने कुरतडलेली असते, कार्ब्युरेटर साफ करायचा असतो, नाहीतर टाकीच गंजलेली असते. दहा-बारा लिटरची वस्तू, दोन-तीन बोल्ट आणि एक रबरी पाइप. काम इतकं छोटं वाटतं, की क्रम पाळायचा असतो हेच विसरायला होतं. मग पेट्रोल सांडतं, इंजिनवर ओघळतं, रंगावर डाग पडतो, आणि क्वचित कधी त्याहून फार वाईट काही घडतं.

माझं म्हणणं सरळ आहे. टाकी काढताना पेट्रोल सांडणार की नाही, हे बोल्टला पाना लावण्याआधीच ठरलेलं असतं. पेट्रोलला टाकीतून बाहेर पडायच्या किती वाटा आहेत, हे ज्याने आधी पाहून घेतलं त्याच्या हातून थेंबही सांडत नाही. हे प्रकरण त्या वाटांविषयी आहे.

त्याआधी पेट्रोलचा स्वभाव नीट कळायला हवा. पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ, आणि वाफ व्हायला पेट्रोलला उन्हाळा लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ असते. पुण्याच्या डिसेंबरमधली पहाट पेट्रोलच्या दृष्टीने कडक उन्हाळाच आहे. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते, त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उताराच्या दिशेने सरकते, गटारात किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. म्हणून टाकी उतरवताना आजूबाजूला पाहायचं ते जमिनीच्या पातळीवर. खाली ठेवलेली ग्राइंडरची मोटर, शेजारच्या टपरीतला स्टोव्ह, फरशीवर पडलेलं एक्स्टेंशन बोर्ड, कुणीतरी टाकलेलं बिडीचं थोटूक यातलं काहीही त्या वाफेला पुरतं. गॅरेज उघडलं की देवापुढे उदबत्ती लावण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चांगली रीत आहे. पण टाकीचं काम ती विझल्यावर आणि बाहेर मोकळ्या हवेत करायचं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असेल, तरच ते मिश्रण भडकतं. त्याहून कमी असेल तर पेटायला वाफ पुरत नाही आणि जास्त असेल तर हवा पुरत नाही. आता १२ लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. तिच्यात १.४ टक्के वाफ व्हायला पेट्रोल लागतं एका मिलिलिटरहूनही कमी. वरची मर्यादा गाठायलाही तीन-चार मिलिलिटर पुरतात, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. पूर्ण ओतून काढलेल्या, उलटी करून झटकलेल्या टाकीच्या कोपऱ्यात, शिवणीत, गंजाच्या पापुद्र्यांत एवढं पेट्रोल सहज राहतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, ती या हिशोबाने. भोक पडलेली टाकी रिकामी करून तशीच वेल्डिंगला देणं हे माणसाच्या जिवावर बेतणारं काम आहे. पाण्याने दोनदा विसळली म्हणजे झालं, हा समज खोटा आहे. असं काम करणारा जाणकार माणूस टाकी वाफेने नाहीतर गरम पाणी आणि साबण-सोड्याने अनेकदा धुतो, सुकवतो आणि डाग देताना ती पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे टाकी नेऊ नये. नवी टाकी घ्यावी.

आता टाकीकडे या. मोटरसायकलची टाकी बाहेरून एकसंध दिसते, पण ती फ्रेमच्या मधल्या नळीवर बसवलेली असते आणि त्या नळीसाठी तिच्या पोटात खालून पन्हाळीसारखी खाच असते. त्या खाचेमुळे टाकीच्या तळाला डावा आणि उजवा असे दोन कप्पे तयार होतात. वर ते एकच असतात, खाली वेगळे. कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायचा-अडवायचा नळ, बहुतेक गाड्यांत एकाच बाजूला असतो. म्हणून कॉकमधून धार थांबली तरी पलीकडच्या कप्प्यात पेट्रोल उरलेलंच असतं. आता सगळं आलं असं समजून कुणी टाकी उचलतो आणि तिरकी करतो, तेव्हा ते उरलेलं पेट्रोल खाच ओलांडून झाकणाकडे धावतं आणि हातावर येतं. सांडलेल्या पेट्रोलच्या निम्म्या कहाण्या इथे सुरू होतात. उपाय सोपा आहे: गाडी टाकीसकट कॉकच्या बाजूला थोडी कलती करायची, म्हणजे पलीकडचं पेट्रोल खाच ओलांडून अलीकडे येतं. कॉक डावीकडे असेल तर गाडी साइड स्टँडवर लावली की हे काम आपोआप होतं.

कॉकचं दुसरं एक गुपित आहे आणि ते रोज गाडी चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कॉकच्या वरच्या टोकाला, टाकीच्या आत, एक छोटी उभी नळी असते. खटका ‘ऑन’वर असताना पेट्रोल या नळीच्या तोंडातून खाली येतं, ‘रिझर्व्ह’वर केला की ते तळाजवळच्या भोकातून येतं. रिझर्व्हचं सगळं तंत्र एवढंच आहे. त्यामुळे ‘ऑन’वर ठेवून टाकी रिकामी करायला घेतली तर धार बंद पडते तेव्हा आत गाडीनुसार एक-दोन लिटर पेट्रोल शिल्लक असतं. टाकी उपसायची तर खटका रिझर्व्हवर हवा.

आणि ‘ऑफ’वर खटका फिरवला म्हणजे पेट्रोल बंद झालं, असंही धरून चालू नये. कॉकच्या आत रबरी वायसर असतो. तो वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये भिजून फुगतो, मग आकसतो, कडक होतो. पाइप कार्ब्युरेटरकडून सोडवून त्याचं टोक एका छोट्या बाटलीत धरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाइपमधलं पेट्रोल गळून गेल्यावर एकही थेंब पडला नाही तर कॉक चांगला आहे. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, वीतभर पाइपमध्ये जेमतेम सहा मिलिलिटर पेट्रोल मावतं. त्याहून जास्त आलं तर ते टाकीतून येत आहे. मग टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि टाकी खाली आल्यावर आधी तो वायसर बदलायचा.

काही गाड्यांचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन ओढ घेतं तेव्हाच तो उघडतो, एरवी ‘ऑन’वरही बंद असतो. त्याला दोन नळ्या असतात. जाड नळी पेट्रोलची, बारीक नळी इंजिनच्या ओढीची. अशा कॉकवर ‘प्राइम’ अशी खूण असेल तर त्या जागेवर खटका ठेवल्यावर पेट्रोल थेट वाहू लागतं. टाकी काढताना खटका चुकून तिथे राहिला नाही ना, एवढं पाहायचं.

कार्ब्युरेटरच्या गाडीचं काम मग असं जातं. टाकीत पेट्रोल कमी असेल असा दिवस निवडायचा. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दहा लिटरचं साडेसात किलो वजन, तेही आत हलणारं, दोन्ही हातांत पेलायचं असतं. तीन लिटर असेल तर काम निम्मं होतं. इंजिन गार असायला हवं. गाडीवरून उतरून लगेच टाकीला हात घालायचा नाही, सायलेन्सरला तळहात टेकवता यायला हवा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर, सावलीत. मग झाकण एकदा उघडून पुन्हा लावायचं. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफेचा दाब तयार होतो, झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज येतो तो त्याचाच. तो दाब आत असताना पाइप सोडवला तर पेट्रोल ओघळण्याऐवजी उडतं. हे पाच सेकंदांचं काम मी कधीही वगळू देत नाही.

त्यानंतर साइड कव्हर, सीट आणि टाकीचा मागचा बोल्ट. बोल्ट रबरी बुशमधून जातो आणि बुशमध्ये बहुधा लोखंडी कॉलर असते. ती कॉलर हटकून घरंगळते, म्हणून बोल्ट, वायसर, बुश आणि कॉलर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुन्हा बोल्टवर ओवून ठेवायचे. टाकीचं पुढचं टोक बोल्टशिवाय, दोन रबरी गुटक्यांवर अडकवलेलं असतं. टाकी निघते ती मागून उचलून आणि मागे ओढून. पण अजून ओढायची नाही. मागची बाजू चार बोटं उचलायची आणि खाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. आता आत हात जातो, डोळ्यांना दिसतं, आणि टाकीला अजून काय-काय जोडलेलं आहे ते मोजता येतं: पेट्रोलचा पाइप, काट्याच्या मीटरची वायर, झाकणाच्या कडेचं पाणी बाहेर सोडणारी नळी, हवेची नळी, काही गाड्यांत दोन कप्पे जोडणारी आडवी नळी. ही आडवी नळी असेल तर ती सगळ्यात घातकी, कारण ती सोडवली की दोन्ही बाजूंनी एकदम धार लागते. अशा गाडीची टाकी पूर्ण रिकामी केल्याखेरीज काढूच नये.

पाइप काढण्यावर थोडं थांबतो, कारण नवशिक्यांचा हात इथेच चुकतो. जुना पाइप कॉकच्या नळीला घट्ट चिकटलेला असतो. तो जोर लावून खेचला तर सुटताना झटक्याने उडतो आणि पेट्रोल चेहऱ्यावर येतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उपटला तर कॉकची नाजूक नळी वाकते नाहीतर तुटते, आणि मग पूर्ण टाकी वाहू लागते. आधी पकडीने क्लिपचे दोन कान दाबून ती पाइपच्या मध्यापर्यंत मागे सरकवायची. मग पाइप चिमटीत धरून जागच्या जागी डावी-उजवीकडे पिळायचा. तो नळीवर फिरू लागला की चिकटा सुटला असं समजायचं. तरीही हलला नाही तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मिनिटभर गुंडाळायचं. खाली जाड सुती फडकं आणि पसरट डबा ठेवलेला असायलाच हवा. शक्य असेल तर पाइप कॉकवर तसाच ठेवून कार्ब्युरेटरच्या टोकाला सोडवावा, आणि ते मोकळं टोक लगेच वर उचलून टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीहून उंच धरावं. पेट्रोल आपोआप थांबतं. गवंडी भिंतीची पातळी काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तिच्यातलं पाणी जसं दोन्ही टोकांना एकाच उंचीवर राहतं, तसंच इथे घडतं. उचललेल्या टोकात योग्य मापाचा स्वच्छ बोल्ट पिळून बसवला की पाइपला बूच लागलं. पकडीने पाइप चिरडून धार थांबवणं टाळावं, जुनं रबर त्या जागी आतून फाटतं आणि पुढे महिन्याभराने तिथूनच गळतं.

मीटरची वायर तारेला धरून ओढू नये, कनेक्टरला धरून सोडवावी. सगळं सुटलं याची खात्री झाल्यावरच टाकी दोन्ही हातांनी, आडवीच्या आडवी, आधी मागे आणि मग वर घ्यावी. खाली ठेवायलाही आधीच जागा केलेली असावी. टाकीच्या तळाला कॉक बाहेर आलेला असतो, त्यामुळे ती फरशीवर टेकवली तर सगळं वजन कॉकवर येतं. एखादा जुना टायर आडवा टाकून त्यावर टाकी बसवली की कॉक मधल्या पोकळीत लोंबता राहतो आणि टाकी ज्या स्थितीत गाडीवर होती त्याच स्थितीत राहते. ती कुशीवर कधीच ठेवू नये. झाकणात हवा जाण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते आणि कुशीवर पडलेली टाकी त्या वाटेने गळत राहते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, त्याबरोबर कॉकही गेला. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप असतो. तो पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने इंजिनकडे ढकलतो. आपण दुचाकीच्या चाकात ३०-३५ पौंड हवा भरतो. तीन बार म्हणजे जवळपास ४३ पौंड. गाडी बंद केल्यावरही पाइपमध्ये हा दाब काही काळ तसाच राहतो. कार्ब्युरेटरच्या गाडीवर हात बसलेला जुना मेस्त्री इथे सवयीने पाइप सोडवतो आणि पेट्रोलचा फवारा डोळ्यांत जातो. या गाडीत आधी पंपाचा विजेचा कनेक्टर काढायचा आणि मग गाडी सुरू करायची. पाइपमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती काही सेकंद चालते आणि बंद पडते. आणखी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा, चावी बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. आता दाब उतरलेला असतो. तरीही जोडाभोवती फडकं गुंडाळूनच त्याच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबायच्या. हा जोड खेचायचा नसतो, कळा दाबल्यावर तो सरकून हातात येतो. आणि टाकीच्या तळाची, पंप धरून ठेवणारी गोल पट्टी आत पेट्रोल असताना कधीही उघडायची नाही. ती उघडणं म्हणजे टाकीचा तळच काढून घेणं. प्रत्येक मॉडेलची मांडणी थोडी वेगळी असते, तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेतली आकृती एकदा पाहून घ्यावी.

इंजेक्शनच्या टाकीतून पेट्रोल झाकणाच्या तोंडातूनच उपसावं लागतं, आणि इथे मला कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचं नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं, रस्त्यात पेट्रोल संपलं की मित्राच्या गाडीतून असंच काढलं जातं. पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतो; पण ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर थोडंसुद्धा भारी पडतं. ते पाण्याहून पातळ असतं, झरकन पसरतं आणि फुप्फुसाच्या आतल्या अस्तरालाच इजा करतं. त्यातून होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरू शकतो. कुणी चुकून गिळलंच तर उलटी करायला लावू नका, कारण उलटी होताना तेच पेट्रोल फुप्फुसात जाण्याची भीती असते. मिठाचं पाणीही पाजू नका. माणसाला सरळ दवाखान्यात न्या. रबरी फुग्याचा हातपंप गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो गॅरेजमध्ये असायलाच हवा.

उपसलेलं पेट्रोल कशात घ्यायचं, याचं उत्तर कायद्यानेही देऊन ठेवलं आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार २३ अंशांखाली पेट घेणारं इंधन ‘अ’ वर्गात येतं, पेट्रोल त्यातलंच. विक्रीसाठी नसेल तर असं इंधन एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यातच, आणि भांडं काचेचं वा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. प्लास्टिकची बाटली या यादीत नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रक-टँकर चालकांचा संप झाला, राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहिलेली माणसंही दिसली. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते. प्लास्टिकवर ती साचून राहते, धातूवरून जमिनीत उतरते. लोणीच्या केंद्रात टँकरला आधी तार जोडतात ती याच कारणासाठी. आपल्या कामात एवढं पुरे: धातूचा डबा, तो जमिनीवर टेकवलेला, नरसाळंही धातूचं आणि डब्याला चिकटलेलं, आणि धार उंचावरून न सोडता नळीचं टोक डब्याच्या तळाशी. जवळ कोरड्या वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक नळकांडं असावं. पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत-जळत पसरतं.

टाकी उतरवण्याचं एक कारण अलीकडे वाढलं आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपल्या साखरपट्ट्यातल्या कारखान्यांचं इथेनॉल टँकरने साठवण केंद्रांवर येतं आणि तिथेच पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. एका मर्यादेपर्यंत ते मिश्रणातच राहतं, पण पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमके कॉकच्या किंवा पंपाच्या तोंडाशी. पावसाळ्यात झाकणाच्या कडेची पाणी काढणारी नळी चिखलाने तुंबली की पाणी टाकीत उतरतं, गाडी झटके देऊ लागते आणि लोखंड आतून गंजतं. त्यामुळे उतरवलेल्या टाकीतलं पेट्रोल आधी पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवून पाहावं. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल परत गाडीत घालू नये. आणि ती तुंबलेली नळी तारेने साफ केल्याशिवाय टाकी वर चढवू नये.

गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवयही आता सोडायला हवी. त्यासाठी डिझेल चालतं. भारतात त्याचा पेट घेण्याचा किमान अंश ३५ ठरवलेला आहे, त्यामुळे सावलीत, उष्णतेपासून दूर काम केलं तर ते पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही. हातालाही ते कमी जाळतं.

टाकी परत बसवताना घाई होते, कारण मुख्य काम संपलेलं असतं. आधी पुढचे रबरी गुटके जागेवर आहेत का पाहा, त्यांवर टाकी पुढे सरकवा आणि मागचा बोल्ट लावण्याआधी खालून एकदा हात फिरवा. हवेची नळी फ्रेम आणि टाकीच्या मध्ये चेपली गेली तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी चार-पाच किलोमीटरवर बंद पडते. झाकण उघडलं की पुन्हा चालू होते, आणि मालक महिनाभर दोष कार्ब्युरेटरला देत बसतो. पाइप कॉकच्या नळीवर पूर्ण चढवा आणि क्लिप टोकापासून थोडी आत बसवा. कडक झालेला, टोकाला चिरा पडलेला पाइप परत लावू नका. तो स्वस्तात मिळतो, आणि टाकी उतरलेली असतानाच बदलणं सोपं असतं. मग कॉक उघडून, गाडी सुरू न करता, दहा मिनिटं थांबा. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने टिपून पाहा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी जोडून चावी दोन-तीनदा चालू-बंद करा, पंप दाब भरेल, आणि मग जोड तपासा.

टाकी पुन्हा भरताना पंपावरच्या नोझलने एकदा कट दिला की तिथेच थांबा. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर सुमारे १९० मिलिलिटर फुगतं. जमिनीखालच्या गार टाकीतून आलेलं, गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल दुपारच्या उन्हात झाकणातून बाहेर येणारच. राहिला बाटलीत तळाशी बसलेला तो पाणी-इथेनॉलचा थर. तो गटारात ओतू नका. धातूच्या डब्यात बूच लावून ठेवा आणि जळकं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजला द्या. लोणी काळभोरचे ओढे मुळा-मुठेला मिळतात, आणि त्या नदीचं पाणी पुढे हवेली-दौंडच्या शेतांत जातं.